‘अमानुष’ कोणाला म्हणायचे?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभी हयात शाळेत मराठी शिकवण्यात घालवली. म्हणून आज शब्दांविषयीच बोलायचे ठरवले. निवडलेले शब्द मात्र ऐकायला सुखद नाहीत. क्रूर, निर्घृण, निष्ठुर, नृशंस, पाशवी, अमानुष या शब्दांविषयी मी बोलणार आहे, आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या पण कोशात त्यांच्या ओळीत क्वचितच बसणाऱ्या जाच, काच, छळ आणि सासुरवास या शब्दांविषयीही.

वर्तमानपत्राची आतली पाने उघडली की काही जोड्या ठरलेल्या दिसतात. खून ‘निर्घृण’ असतो, मारहाण ‘अमानुष’ असते, अत्याचार ‘पाशवी’ असतो. बातमीची सुरुवात ‘माणुसकीला काळिमा फासणारी घटना’ अशी होते. बातमीदाराचा राग खरा असतो, वाचणाऱ्याचाही. पण या शब्दांचे एक काम आपल्या लक्षात येत नाही. ते क्रौर्याला माणसांच्या वस्तीबाहेर नेऊन सोडतात. हे माणसाने केले नाही, पशूने केले, राक्षसाने केले, असे म्हटले की आपण त्या गोष्टीपासून सुटतो. आपले घर सुटते, आपली आळी सुटते, आपली जात सुटते. ही सुटका आपल्याला परवडणारी नाही, एवढेच मला आज सांगायचे आहे.

सुरुवात ‘क्रूर’पासूनच करू. या शब्दाच्या मुळाशी कच्चे मांस आणि रक्त आहे. संस्कृतात ‘क्रविस्’ आणि ‘क्रव्य’ म्हणजे कच्चे मांस. ते खाणारा तो ‘क्रव्याद’. लॅटिनमधला सांडलेल्या रक्ताचा शब्द ‘क्रुओर’ आणि त्याच कुळातून इंग्रजीत पोचलेला ‘क्रूएल’ हे आपल्या ‘क्रूर’चे दूरचे भाऊबंद आहेत. जुन्या वैदिक भाषेत ‘क्रूर’ हे आधी जखमेचे नाव आहे, उघड्या, ओल्या जखमेचे. तैत्तिरीय संहितेत यज्ञासाठी जमीन खणण्याचा विधी येतो. खणणे म्हणजे पृथ्वीशी क्रूरपणा करणे, असे तिथे मानले आहे, आणि त्या खणलेल्या जागी शांतीसाठी पाणी ओतायला सांगितले आहे. मला ही कल्पना फार मोलाची वाटते. खणणारा तिथे कोणी राक्षस नाही. तो यजमान आहे, पुरोहित आहे, धर्मकृत्य करतो आहे. तरीही त्याच्या हातून जखम झाली हे तो बोलून दाखवतो आणि तिच्यावर इलाज करतो. चांगल्या माणसाच्या, चांगल्या हेतूच्या कामातही क्रौर्य असू शकते, हे त्या काळच्या भाषेला ठाऊक होते.

पुढे ‘क्रूर’ जखमेवरून उठला आणि जखम करणाऱ्याला चिकटला. अमरकोशात तो दोन ठिकाणी सापडतो. एकदा नृशंस, घातुक आणि पाप यांच्या ओळीत, म्हणजे जीव घेणाऱ्यांच्या ओळीत. दुसऱ्यांदा कठीण, कठोर, निष्ठुर, दृढ यांच्या ओळीत, म्हणजे हाताला टणक लागणाऱ्या वस्तूंच्या ओळीत. एक अर्थ रक्ताचा, दुसरा दगडाचा. आपली मराठी दुसऱ्या अर्थाकडे जास्त झुकली. आपण ‘दगडाच्या काळजाचा’ म्हणतो, ‘पाषाणहृदयी’ म्हणतो, ‘त्याला पाझर फुटला नाही’ म्हणतो. ज्योतिषात मंगळ, शनी, राहू हे ‘क्रूर ग्रह’ झाले आणि कितीतरी लग्ने त्यांनी मोडली. भागवतात कृष्णाला गोकुळातून मथुरेला घेऊन जायला येतो त्याचे नाव ‘अक्रूर’. गोपी त्याच्यावर चिडतात. असा माणूस ‘अक्रूर’ कसा म्हणवतो, हे त्यांचे दुखणे आहे. अक्रूराने कोणाला मारले नव्हते. त्याने फक्त नेले होते. दुःख झालेल्या माणसाने क्रौर्याची व्याख्या किती वेगळी केली असती, ते या एका प्रसंगात दिसते.

‘निष्ठुर’विषयी थोडक्यात सांगतो. हा शब्द आपल्या संतांनी देवालाच लावला. विठ्ठल भेट देत नाही, हाकेला ओ देत नाही, तर तो निष्ठुर. ज्याच्याशी नाते आहे त्यालाच निष्ठुर म्हणता येते. परक्याला आपण क्रूर म्हणतो, निष्ठुर सहसा म्हणत नाही. आई निष्ठुर होते, मुलगा निष्ठुर होतो, नवरा निष्ठुर होतो. शब्दात तक्रार आहे आणि तक्रारीत अजून आशा आहे.

‘निर्घृण’पाशी मात्र थांबायला हवे. आज मराठीत ‘घृणा’ म्हणजे किळस. मग ‘निर्घृण’ म्हणजे ज्याला किळस नाही तो, असे कोणी शाळकरी मुलाने सांगितले तर त्याला चूक म्हणणे सोपे नाही. पण संस्कृतात ‘घृणा’ या शब्दाला दोन अर्थ होते. एक दया, कळवळा, दुसरा तिटकारा. मूळ धातूत ऊब आहे, चकाकी आहे. त्या उबेतून कळवळा आला असावा. दयेचा अर्थ धरून ‘निर्घृण’ झाला, म्हणजे निर्दय. ब्रह्मसूत्रांत ईश्वरावर दोन आरोप घेतले आहेत: तो पक्षपाती आहे आणि तो निर्घृण आहे. जगात एक सुखात लोळतो आणि एक जन्मापासून भोग भोगतो, तर हे करणारा दयाळू कसा? सूत्रकारांचे उत्तर असे की ईश्वर जीवांच्या कर्मानुसार फळ देतो, म्हणून दोष त्याच्याकडे जात नाही. हे उत्तर मला पटत नाही. या उत्तराने ईश्वर सुटला, पण भोगणाऱ्याच्या माथी त्याच्या भोगाचा दोष बसला, आणि पुढे कितीतरी शतके तो तिथून उतरला नाही.

घृणेचे हे दोन अर्थ एकाच प्रसंगात कसे भेटतात ते महाडने दाखवले. मुंबई विधिमंडळात १९२३ साली बोले यांचा ठराव मंजूर झाला होता. सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. पुढल्या वर्षी महाड नगरपालिकेने आपले चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर तळे खुले झाले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसे तळ्यावर गेली, ओंजळीने पाणी प्याली. त्यानंतर गावात सत्याग्रहींना लाठ्यांनी मारहाण झाली. आणि पुढे तळे शेण, गोमूत्र वगैरे टाकून ‘शुद्ध’ करून घेण्यात आले. माणसाच्या स्पर्शाची किळस आणि माणसाविषयी दयेचा अभाव या दोन गोष्टी इथे वेगळ्या काढता येत नाहीत. जिथे घृणा भरते तिथेच माणूस निर्घृण होतो. तळ्यावरच्या हक्काचा दिवाणी दावा मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने सुटायला १९३७ साल उजाडले. दहा वर्षे. मारहाण करणारे आणि तळ्यात शेण टाकणारे त्या गावातले नेहमीचे, देवाधर्माचे, संसारी लोक होते. त्यांना ‘अमानुष’ म्हटले तर महाडमध्ये काय घडले ते समजणारच नाही.

आता ‘नृशंस’. मराठीत हा शब्द अग्रलेखांत राहिला आहे, ‘नृशंस हत्याकांड’ असा. त्याचे संस्कृतातले उलट रूप ‘आनृशंस्य’ मात्र आपण विसरलो, आणि ती मोठी हानी आहे. महाभारतात यक्ष युधिष्ठिराला विचारतो की जगात सर्वांत श्रेष्ठ धर्म कोणता. युधिष्ठिर ‘अहिंसा’ म्हणत नाही. तो ‘आनृशंस्य’ म्हणतो. पुढे यक्ष त्याला एकाच भावाला जिवंत करायची मुभा देतो. भीम नको, अर्जुन नको, तो नकुलाला मागतो, कारण कुंतीचा एक मुलगा जिवंत आहे, तर माद्रीचाही एक जिवंत राहिला पाहिजे. आणि आपल्या निवडीचे कारण सांगताना तो पुन्हा याच शब्दाकडे येतो. अनुशासनपर्वात एका पोपटाची गोष्ट आहे. पारध्याच्या विषारी बाणाने झाड वाळते, तरी त्यात राहणारा पोपट ते सोडत नाही. ज्याने आसरा दिला त्याला वाईट दिवस आले म्हणून टाकायचे नाही, हे त्याचे आनृशंस्य. शेवटी स्वर्गाच्या दारात युधिष्ठिराबरोबर एक कुत्रा उभा आहे. इंद्र समजावतो की याला सोडून देण्यात नृशंस असे काही नाही. युधिष्ठिर ते मानत नाही.

अहिंसा संन्याशाला शक्य असेल. युधिष्ठिर राजा आहे, अठरा दिवस युद्ध लढला आहे, त्याच्या हातून हिंसा झाली आहे. हिंसेतून पूर्ण सुटू न शकणाऱ्या संसारी माणसाने कसे वागावे, याचे नाव आनृशंस्य. आणि नृशंस वागणे म्हणजे काय, हेही या तीन गोष्टींतून कळते: सवतीच्या मुलाला विसरणे, वाळलेले झाड टाकून जाणे, शेवटपर्यंत बरोबर आलेल्या जिवाला दारात सोडणे. तिन्हीत रक्ताचा थेंब नाही. आपल्या ‘नृशंस हत्याकांडा’पेक्षा हा अर्थ कितीतरी रुंद आहे, आणि तो आपल्या रोजच्या जगण्यापर्यंत येतो.

फारसी-अरबीतून आलेले शब्द मी भराभर ओलांडतो. जुलूम, जल्लाद, हैवान, बेरहम. यांतला ‘जुलूम’ मराठीने अगदी आपला केला. सत्तेच्या क्रौर्याला आपल्याकडे यापेक्षा नेमका शब्द नाही. मनाविरुद्ध करावा लागणारा नमस्कार तो ‘जुलमाचा रामराम’, इतका तो अंगात मुरला. ‘हाल’ची गोष्ट अधिक बोलकी आहे. मूळ अरबीत हाल म्हणजे नुसती स्थिती, अवस्था. मराठीत ती वाईटच असते. ‘त्याचे हाल झाले’ म्हटले की पुढे विचारावे लागत नाही. गरिबांच्या तोंडी राहून राहून शब्दालाच त्यांची स्थिती लागली.

आता ज्या शब्दांविषयी मला सर्वांत जास्त बोलायचे आहे तिकडे येतो: पाशवी, राक्षसी, सैतानी, अमानुष. संस्कृतात ‘अमानुष’ म्हणजे माणसाचे नसलेले. ते दिव्यही असू शकत होते. आपण त्यातला फक्त काळा भाग घेतला. ‘पाशवी’ तर सरळ अन्याय आहे. कोणता पशू दुसऱ्या पशूला डागण्या देतो? कोणता पशू हुंड्यासाठी दुसऱ्याला उपाशी ठेवतो? वाघ भूक लागली की मारतो आणि पोट भरले की उठून जातो. त्रास देण्यासाठी त्रास देणे, समोरच्याच्या तोंडावरची वेदना बघत बसणे, ती चार लोकांना बोलावून दाखवणे, हे माणूस करतो. आणि ज्या पशूंच्या नावाने आपण हा शब्द बनवला त्यांच्याशी आपले वागणे काय? प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्याकडे १९६० साली झाला. बैलाला जास्त ओझे लादणे, जखमी जनावराकडून काम करून घेणे, त्याला बेदम मारणे, उपाशी बांधून ठेवणे, या सगळ्यांची त्यात नोंद आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड त्यात १० ते ५० रुपये ठेवलेला आहे. १९८२ च्या दुरुस्तीने ठरलेला तो आकडा पुढे कितीतरी दशके तसाच राहिला.

आपण क्रौर्याला वस्तीबाहेर काढतो तेव्हा ते कोणाच्या माथी मारतो हेही पाहिले पाहिजे. १८८१ साली सुरतेत एका तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल आधी फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांतून स्त्रियांच्या अनीतीवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून उत्तर दिले. हे पुस्तक १८८२ साली पुण्यात छापले गेले. स्त्रियांवर लादलेला एकेक दुर्गुण उचलायचा आणि तो पुरुषांत किती आहे हे मोजून दाखवायचे, ही त्यांची रीत. मूल मारणारी ‘क्रूर’, आणि तिला त्या टोकाला नेणारा पुरुष, तिचे केस कापणारी रूढी, तिला दार बंद करणारे घर यांना कोणतेच विशेषण नाही. हा हिशोब त्यांनी भर बाजारात मांडला. त्याच्या एकोणीस वर्षे आधी, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल ठेवावे किंवा न्यावे, असे फलक त्यांनी लावले. मुले मारणाऱ्या आयांना नावे ठेवण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. त्यांनी बाळंतपणाची जागा दिली.

घराकडे येऊ. क्रौर्यासाठी मराठी बायकांनी वापरलेले शब्द संस्कृत विशेषणांसारखे भारदस्त नाहीत. ते घासून घासून झालेले आहेत. ‘काच’ घ्या. नाडी कमरेला काचते, दोरी मानेला काचते. तसाच सासूचा काच. एका दिवसाने मरण येत नाही, पण वळ उठतो आणि रोज त्याच जागी घासले जाते. ‘जाच’ त्याचा जोडीदार, म्हणून ‘जाचकाच’. ‘गांजलेला’ हा शब्द तुकोबांमुळे घरोघर पोचला. ‘छळ’ची तर वाटच वेगळी. संस्कृत ‘छल’ म्हणजे कपट, निमित्त काढणे. मराठीत त्याचा अर्थ यातना झाला. पण जुना अर्थ पुरता गेलेला नाही. सुनेचा छळ होतो तेव्हा नेहमी निमित्त काढलेले असते: भाकरी करपली, मीठ जास्त झाले, पाहुण्यांसमोर हसली, माहेरचे मानपानाला कमी पडले. पोलीस ठाण्यातली फिर्याद वाचा. ‘क्षुल्लक कारणावरून’ हे दोन शब्द तिथे असतात. छळाची निमित्ते क्षुल्लकच असतात. कारण मोठे असते तर ते भांडण झाले असते.

आणि ‘सासुरवास’. अक्षरशः याचा अर्थ सासरी राहणे, एवढाच. राहण्याचे नावच यातनेचे नाव झाले. जगातल्या किती भाषांत ‘नवऱ्याच्या घरी राहणे’ आणि ‘छळ होणे’ यांना एकच शब्द असेल? हे कोणा पंडिताने ठरवले नाही. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी बोलून बोलून तो अर्थ पक्का केला. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत आई, भाऊ, विठ्ठल, सीता यांच्या बरोबरीने सासुरवास येतो. पहाटे दळताना, घर झोपलेले असताना, बाईने आपला जाच जात्याला सांगितला. तिथे राक्षस नाहीत, पशू नाहीत. सासू आहे, नणंद आहे, दीर आहे, भ्रतार आहे. त्यांची नाती आहेत, त्यांची कामे आहेत. या बायकांना क्रौर्य माणसाचेच असते हे पक्के ठाऊक होते, कारण ते त्यांच्याच घरात जेवायला बसत असे.

पण या घरगुती शब्दांचाही एक धोका आहे, आणि तो लपवून चालणार नाही. ते क्रौर्याला इतके आपलेसे करतात की ते सोसण्याची गोष्ट होऊन जाते. ‘सासुरवास कोणाला चुकलाय?’ हे वाक्य कित्येक आयांनी परत आलेल्या लेकीला ऐकवले आहे आणि दुसऱ्या दिवशी तिला एसटीत बसवून दिले आहे. ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ ही म्हण तर छळाची पाळी लावून देते: आज तू सोस, उद्या तुझी वेळ येईल. भारदस्त शब्द क्रौर्याला दूर लोटतात, घरगुती शब्द त्याला पोटात घालतात. दोन्हीकडून मधली बाई एकटी पडते.

म्हणून कायद्याने या शब्दांना हात घातला तेव्हा काय झाले, ते महत्त्वाचे आहे. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयात पुण्यात लग्न झालेल्या एका मराठी जोडप्याचा खटला निकाली निघाला. निकाल न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांनी लिहिला. क्रूरतेची तक्रार इथे नवऱ्याची होती, हे लक्षात ठेवावे; छळ करण्याची मक्तेदारी कोणा एकाची नाही. जिवाला किंवा हातापायाला धोका झाला तरच क्रूरता, ही इंग्लंडमधली जुनी कसोटी आपल्या कायद्यात आणण्याचे कारण नाही, असे न्यायालयाने ठरवले. आदर्श नवरा आणि आदर्श बायको कशी असते ते पाहायचे नाही. समोर उभा हा माणूस आणि ही बाई यांच्यात काय घडले ते पाहायचे. क्रूरता शाबीत झाली, पण नंतर दोघे एकत्र नांदले म्हणजे ती माफ झाली, असे धरून नवऱ्याचा दावा फेटाळला गेला. पुढल्याच वर्षी, १९७६ साली, हिंदू विवाह कायद्यात क्रूरता हे घटस्फोटाचे कारण म्हणून आले.

फौजदारी कायद्यात ही गोष्ट १९८३ साली आली. त्याच सुमारास पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या सहकारी नारी समता मंच उभा करत होत्या. देशभर हुंड्यासाठी जाळलेल्या सुनांची नावे रस्त्यावर घेतली जात होती. त्या दबावाखाली दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आले. नवरा किंवा सासरच्या माणसांची क्रूर वागणूक हा गुन्हा झाला. बाईला आत्महत्येकडे ढकलील, तिच्या जिवाला, शरीराला किंवा मनाला गंभीर अपाय करील असे वागणे म्हणजे क्रूरता, आणि पैशासाठी, मालमत्तेसाठी तिला किंवा तिच्या माहेरच्यांना छळणे म्हणजेही क्रूरता. मनाला झालेला अपाय कायद्याच्या अक्षरात आला. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ या कलमांत आहे. सासुरवास हा नशिबाचा भाग नाही, गुन्हा आहे, हे एवढ्या स्पष्टपणे आधी कोणी म्हटले नव्हते.

जातीच्या क्रौर्याचा इतिहासही शब्दांतून वाचता येतो. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध छापून आला. मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी, मांग समाजातली. विषय मांग-महारांचे दुःख. इमारतीच्या पायात आपल्या माणसांना तेल-शेंदूर पाजून पुरत असत, हे ती लिहिते. बाळंतपणात आपल्या बायकांच्या डोक्यावर छप्पर नसते, हे लिहिते. तिचा निबंध जोरदार आहे तो या तपशिलामुळे: कोणी, कोणाला, काय केले. विशेषणावर तिने भिस्त ठेवली नाही.

१९८९ साली अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि मराठीत ‘ॲट्रॉसिटी’ हा नवा शब्द आला. गावागावांत तो कळतो. पण त्याच्याबरोबर येणारे क्रियापद ऐका: ‘ॲट्रॉसिटी लावली’, ‘ॲट्रॉसिटी टाकली’. म्हणजे अत्याचार कोणी केला हे वाक्यातून गेले आणि तक्रार करणारा हाच काहीतरी करणारा ठरला. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांना ठार मारण्यात आले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. दोन्ही न्यायालयांनी ॲट्रॉसिटी कायदा इथे लागू होत नाही असे ठरवले. खून भीषण होता हे कोणी नाकारले नाही. नाकारली गेली ती जात. क्रौर्याला सगळी मोठी विशेषणे मिळाली आणि त्याचे कारण मात्र निकालाबाहेर राहिले. माझे मत स्पष्ट आहे: कारणाशिवाय दिलेले विशेषण पीडिताच्या उपयोगाचे नाही.

याच्या उलट एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी वर्षानुवर्षे ज्या कायद्यासाठी झगडा केला, तो त्यांच्या खुनानंतर, २०१३ साली झाला. त्याच्या लांबलचक नावात ‘अमानुष’ आणि ‘अघोरी’ हे दोन्ही शब्द आहेत. ‘अघोर’ हे मुळात शिवाच्या एका रूपाचे, भयंकर नसलेल्याचे नाव. मराठीत ‘अघोरी’ म्हणजे अंगावर काटा आणणारे. पण या कायद्याचा जीव त्याच्या नावात नाही, त्याच्या अनुसूचीत आहे. भूत उतरवण्याच्या बहाण्याने दोरीने किंवा साखळीने बांधणे. काठीने, चाबकाने मारणे. पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे. मिरचीची धुरी देणे. छताला टांगणे. केस उपटणे. तापवलेल्या वस्तूने चटके देणे. तोंडात विष्ठा-मूत्र कोंबणे. अशी बारा कलमे. वाचताना जीव घाबरा होतो. पण याच यादीमुळे हवालदाराला आणि न्यायाधीशाला नेमके काय शोधायचे ते कळते. ‘अमानुष’ म्हणजे काय यावर वकील दिवसभर वाद घालू शकतो. छताला टांगले की नाही, यावर साक्षीदार उत्तर देऊ शकतो. २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानेही हेच केले. वाळीत टाकणे म्हणजे काय, ते त्याने कृतींत सांगितले. ज्या क्रौर्यात कोणाला बोटही लावले जात नाही, फक्त दुकानदार माल देत नाही आणि मयताला खांदा द्यायला कोणी येत नाही, त्यालाही नाव मिळाले.

माझी पहिली विनंती वार्ताहरांना आणि संपादकांना आहे. ‘पाशवी’, ‘अमानुष’, ‘माणुसकीला काळिमा’ हे शब्द काही काळ बाजूला ठेवा. कोणी केले, कोणाला केले, काय केले, कशासाठी केले आणि तेव्हा कोण बघत उभे होते, हे लिहा. मराठीच्या शिक्षकांना विनंती आहे की समानार्थी शब्द पाठ करून घेताना ‘निर्घृण’ आणि ‘सासुरवास’ एका फळ्यावर लिहा, आणि मुलांना विचारा की यांतला कोणता शब्द त्यांनी घरात ऐकला आहे.

आणि शेवटची तुम्हा सर्वांना. तुमच्या नात्यातली, शेजारातली, कामावरची कोणी बाई किंवा कोणी माणूस छळाची फिर्याद द्यायला निघाला, तर त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात जा. ‘शारीरिक व मानसिक त्रास’ एवढ्यावर फिर्याद संपू देऊ नका. कोणत्या दिवशी काय झाले, कोणाच्या हातात काय होते, कोण काय बोलले, ते एकेक लिहून घ्यायला सांगा. लिहिलेली फिर्याद देणाऱ्याला वाचून दाखवणे पोलिसांना बंधनकारक आहे, आणि तिची प्रत विनामूल्य मिळण्याचा त्याला हक्क आहे. वाचून झाल्याशिवाय सही करू देऊ नका, आणि प्रत घेतल्याशिवाय उठू नका.